पेन्सिलीतले आठ रविवार

सर मागे येऊन उभे राहिले की चाहूल लागायची नाही. बुटांचा आवाज नाही, खाकरणं नाही. आपण मायक्रोमीटरवरचा आकडा वाचत असायचो आणि एकाएकी बोटं गार पडायची. मग कळायचं, मागे सर आहेत. बरोबर दोन हातांवर. लॅबच्या फरशांवरून मी एकदा ते अंतर मोजून ठेवलं होतं, त्यात कधी फरक पडला नाही. आकडा वहीत उतरेपर्यंत ते अवाक्षर बोलायचे नाहीत आणि आपणही वळायचं नाही, हा नियम. नवीन असताना मी एकदा वळलो. "रीडिंग मागं लिहिलंय का?" एवढंच म्हणाले, आणि सबंध तक्ता मला पहिल्यापासून घ्यायला लावला.

चाकणच्या एका कंपनीत आमची ती लॅब होती. कारखान्यातली मोजायची हत्यारं खरं बोलतात की नाही, हे तपासायचं आमचं काम. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. पोरं त्यांना 'सावली' म्हणत. मीही म्हणायचो, पण हळू आवाजात, कारण ते कधी मागे असतील याचा नेम नसे.

त्यांचे कायदे तीन. आकडा पेननं लिहायचा. चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. आणि प्रत्येक आकड्यापुढे दोन सह्या: एक घेणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. लॅबमध्ये कुणाकडे खोडरबर सापडलं, तर ते चिमटीत धरून स्वतः केराच्या डब्यापर्यंत जायचे. "पेन्सिलीनं लिहिलेलं म्हणजे मनात म्हटलेलं," ते सांगायचे. "त्याला रीडिंग म्हणत नाहीत. आणि त्याच्यापुढं सही करणारा गाढव." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे पुढे ते ऐकूच येईनासं झालं.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कंपनीची बस तळवड्याच्या चौकात अडकली होती आणि शेजारच्या सीटवर मी होतो. तरुणपणी ते भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये होते. जड माल उचलायच्या चेनपुलीच्या कड्या झिजल्यात का, ते बघत होते. पाच कड्या ठीक. सहावीचा आकडा वाईट आला. फोरमन म्हणाला, व्हर्निअर अडकला असेल, परत घे. परत घेतला, तसाच आला. तिसऱ्यांदा जरा सैल धरून घेतला, तेव्हा बरा आला. पहिले दोन त्यांनी रबरानं खोडले. पुढच्या आठवड्यात ती चेन तुटली.

"खाली कुणी होतं का सर?"

"होता एक."

"मग?"

"मग काय. खाली होता." आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. 

निवृत्त झाल्यावर निगडी प्राधिकरणातलं त्यांचं घर म्हणजे आमच्या लॅबचीच शाखा झालं. भिंतीवरच्या घड्याळावर चिठ्ठी: तपासले, पुढील तपासणी अमुक. वजनकाट्यावर चिठ्ठी, तापमापीवर चिठ्ठी, काकूंच्या तांदळाच्या मापावरसुद्धा चिठ्ठी. काकू म्हणायच्या, "माझ्यावर तेवढी लावायची राहिलीय." त्यावर सर म्हणायचे, "तू मोजण्याच्या पलीकडची आहेस." हे कौतुक होतं की तक्रार, ते काकूंना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्यांना नाद होता लाउडस्पीकरचा. गाण्याचा नव्हे, स्पीकरचा. चऱ्होलीच्या एका म्हाताऱ्या सुताराकडून प्लायची खोकी करून घ्यायची, त्यात स्पीकर बसवायचे, आणि मग ते मोजायचे. पूर्वी स्पीकर मोजायचा म्हणजे वेगळा माइक, वेगळा अॅम्प्लिफायर, वेगळी यंत्रं, वायरींचा गुंता; ते मोठ्या कंपन्यांनाच परवडायचं. आता या सगळ्याची मिळून एक डबी मिळते. मुठीत मावते, एका वायरीनं लॅपटॉपला लागते, आवाज तीच काढते आणि तीच ऐकते, आणि हौशी माणसाच्या खिशाला झेपते. सरांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "खेळणं आहे." मग महिनाभर त्या खेळण्याची उलटतपासणी केली, रोज तीन वेळा, आणि महिन्याअखेर तिच्यावर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली. इतक्या मानानं त्यांनी माझंही कधी काही स्वीकारलं नव्हतं.

मोजायची पद्धत अशी. ज्या खुर्चीत बसून ऐकायचं, त्या खुर्चीत डबी, म्हणजेच माइक, ठेवायचा, बरोबर कानाच्या उंचीवर. सरांची वेताची खुर्ची होती, तिच्या चार पायांभोवती फरशीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या. पंखा बंद, फ्रीज बंद, काकूंचा कुकर बंद. खोलीत माणूस असला तर त्याच्या अंगावर आपटून आवाज फिरतो, म्हणून सर लांब वायर ओढून स्वयंपाकघरात जायचे आणि ओट्यावर ठेवलेल्या लॅपटॉपवरून बटण दाबायचे. मग डबी स्पीकरमधून एक सूर काढायची. तो सुरू कधी झाला ते आपल्याला ऐकू येत नाही. आधी कपाटातल्या पेल्यांना कळतं. मग जमिनीतून घुमल्यासारखा वर येतो, चढत चढत शिट्टीसारखा बारीक होतो आणि नाहीसा होतो. नाहीसा होतो म्हणजे आपल्यापुरता. शेजारच्या बंगल्यातला कुत्रा त्यानंतरही थोडा वेळ मान वर करून बसलेला असायचा.

रविवारी अकराच्या सुमारास हौशी मंडळी आपापले स्पीकर घेऊन यायची. हिंजवडीचा एक आयटीवाला एकदा फार मोठे, चकचकीत स्पीकर घेऊन आला. आलेखात मधोमध खड्डा. तो म्हणाला, "पण सर, ऐकायला तर एकदम भारी वाटतंय राव." सर म्हणाले, "वाटतंय हे रीडिंग नाही." तो पुन्हा आला नाही. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले, कारण खरं ऐकायला फार लोक रविवारचे मोकळे नसतात. मग सर खोलीच मोजू लागले.

ते समजायला अवघड नाही. आवाज थेट माइकपर्यंत येतो, आणि मागोमाग भिंतीवर आपटून पुन्हा येतो. किती उशिरानं आला त्यावरून भिंत किती लांब ते कळतं. पडद्यावर आधी एक उंच टोक आणि मग ओळीनं छोटे छोटे उंचवटे. सर बोट ठेवून सांगायचे: हे शोकेस, हा दरवाजा, ही आमच्या हिची शिलाई मशीन. माइकला दिशा कळत नाही, फक्त अंतर कळतं. पण घरातल्या सगळ्या अंतरांशी सरांची ओळख होती.

मी तेव्हा चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो. एका शनिवारी सरांचा फोन आला. "उद्या ये. तपासणारा पाहिजे."

गेलो तर रजिस्टर उघडून ठेवलेलं. तीन रविवारांचे तीन आकडे, शेवटचा त्याच सकाळचा: तीनशेबारा, दोनशेत्र्याण्णव, दोनशेचौऱ्याहत्तर. पडद्यावर दरवाजा आणि शिलाई मशीन यांच्या मध्ये एक नवाच उंचवटा होता. त्या अंतरावर खोलीत काहीच नव्हतं. नुसती फरशी.

"दर आठवड्याला एकोणीस सेंटिमीटर," सर म्हणाले. "खुर्चीकडं."

आमच्या घरी वडिलांनी देवाधर्माबरोबर भुताखेतांनाही कायमची रजा दिली होती, त्यामुळे मी हसलो. मग दिवसभर राबलो. माइक बदलला, वायर बदलली, स्पीकर बदलला. शिलाई मशीन उचलून गॅलरीत नेली, तिचा उंचवटा गेला. शोकेस रिकामं केलं. हा उंचवटा जागचा हलला नाही. शेवटी सर म्हणाले, "तिथं जाऊन उभा राहा."

टेपनं मोजून मी खुर्चीपासून दोनशेचौऱ्याहत्तरवर उभा राहिलो. सरांनी आतून बटण दाबलं. सूर आला, गेला. मी विचारलं, "दिसतोय का मी?"

"नाही," सर आतून म्हणाले. "होतं तेवढंच आहे. एक पाऊल बाजूला हो."

झालो. पुन्हा सूर. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता दोन आहेत. सारखे."

मी त्या जागेवरून बाजूला झालो आणि उरलेला वेळ भिंतीला पाठ लावून काढला. सर मात्र शांतपणे आकडा लिहीत होते. मी म्हटलं, "सर, हे आहे काय?"

"का, काय ते विचारू नकोस. किती ते विचार." त्यांनी सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागलो. दोनशेपंचावन्न. दोनशेछत्तीस. आकडा काय येणार हे सकाळी घरून निघतानाच माहीत असायचं, आणि तेच जास्त वाईट होतं. उंदीर, घूस, ओल, काहीही असतं तरी एखाद्या आठवड्यात अठरा किंवा वीस झाले असते.

एका रविवारी तो चऱ्होलीचा सुतार नवीन खोकं पोचवायला आला. दारातच थांबला, चप्पल काढता काढता. मग त्यानं टाळी वाजवली, एकच, आणि मान कलती करून ऐकलं.

"सायेब, कोन आलंय का तुमच्याकडं?"

"हा आहे की," सर माझ्याकडे हात करून म्हणाले.

"न्हाई, ह्यो न्हवं. आमी आयुष्यभर रिकाम्या घरांत ठोकाठोक केली. रिकामी जागा येगळी बोलती." त्यानं खोकं उंबऱ्याच्या बाहेरच ठेवलं. काकू चहा घेऊन आल्या तर म्हणाला, "नगं माय, आळंदीची यष्टी जाईल." आळंदीची बस तर दर थोड्या वेळानं असते.

आकडा एकशेसाठवर आला त्या रविवारी काकूंनी मला गॅलरीत गाठलं. शिलाई मशीन अजून तिथेच होती आणि त्या तिच्यावरची धूळ पदरानं पुसत बोलत होत्या.

"खुर्चीत बसायचं सोडलंय रे त्यांनी. चहासुद्धा उभ्यानं पितात. आणि छातीच्या गोळ्या बंद केल्यात. विचारलं तर म्हणतात, आता आठ-नऊ आठवड्यांसाठी कशाला. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर कधीच ऐकलं नाही. त्या डबीचं तेवढं ऐकतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला येतं ना त्यातलं. ती रेघ घालवता येत नाही का?"

येत होती. फार सोपं होतं. डबीनं सूर निघाल्यावर किती वेळ ऐकायचं, ते एका चौकटीत आकडा घालून ठरवता येतं. त्याला आम्ही खिडकी म्हणतो. खिडकी अरुंद केली की लांबून फिरून येणारा आवाज मोजलाच जात नाही. हौशी लोक ती मुद्दाम अरुंद ठेवतात, त्यांना फक्त स्पीकर मोजायचा असतो, खोली नव्हे. आमच्यासाठी मात्र ते खोडरबर होतं.

पुढच्या रविवारी सर बाहेर खुर्चीत माइक लावत होते तेव्हा मी ओट्यापाशी उभा राहून चौकटीत नवा आकडा घातला. एक मीटरच्या पलीकडचं काही दिसणार नाही असा. शेवटचं बटण दाबलं आणि माझी बोटं गार पडली.

मी वळलो नाही. जुनी सवय. सर मागूनच म्हणाले, "तू काही केलंस का?"

"नाही सर."

फ्रीज बंद होता, पंखा बंद होता. काकू हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या होत्या.

"बरं," सर म्हणाले. त्यांनी बटण दाबलं. सूर चढला, बारीक झाला, गेला. पडद्यावर एकच टोक, आणि त्यानंतर सपाट.  सरांनी रजिस्टर ओढून लिहिलं: निरंक. घाईघाईनं मी पुढे सही केली. काकूंनी पातेलं खाली ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला.

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते एकमेव खोटं. पण त्या घराला ते औषधासारखं लागू पडलं. सरांनी गोळ्या सुरू केल्या. दोन आठवड्यांनी खुर्चीत बसायला लागले, पेपर वाचायला लागले. काकूंनी शिलाई मशीन परत हॉलमध्ये आणली आणि सरांना न विचारता खिडक्यांना नवे पडदे शिवायला घेतले. मी स्वतःला सांगितलं, की एक आकडा लपवून एक माणूस वाचत असेल तर तो व्यवहार वाईट नाही. भोसरीच्या फोरमननंही असंच काहीतरी सांगितलं असेल.

मला धास्ती होती ती चौथ्या रविवारची. हिशेबानं ते तेव्हा चौऱ्याऐंशीवर यायला हवं होतं, म्हणजे माझ्या खिडकीच्या आत. आलेख पुन्हा दिसला असता, आणि माझं खोटंही. चौथ्या रविवारी मी काकूंचा चहा तसाच ठेवून पडद्याकडे बघत राहिलो. सपाट. पाचव्या रविवारी सपाट. सहाव्या रविवारीही. मग मी खरोखरच मान्य करून टाकलं की तिथं कधी काही नव्हतंच. कसली तरी यंत्राची खोड होती आणि आम्ही शहाणी माणसं तिच्या नादी लागलो. सर दर वेळी 'निरंक' लिहीत, मी सही करी, आणि काकूंच्या हातची आमटी दोनदा मागून घेई. आठव्या रविवारी निघताना सर दारापर्यंत आले. एरवी कधी यायचे नाहीत. म्हणाले, "सही करताना घाई करतोस. लॅबमध्ये करायचा नाहीस." मी म्हटलं, "घरचंच काम आहे सर." ते हसले.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी सर गेले. खुर्चीत बसून, पेपर वाचता वाचता. काकू आतून चहा घेऊन आल्या तेव्हा चष्मा नाकावरच होता.

ते दहा-बारा दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. मला एकच गोष्ट कुरतडत होती. त्यांनी ती खुर्ची सोडली होती. माझ्या शब्दावर विसंबून ते पुन्हा तिच्यात जाऊन बसले होते. यंत्राची खोड म्हणून मी जे मान्य केलं होतं, ते आता मला पटवून घेता येईना. बायको म्हणायची, "छातीचं दुखणं होतं त्यांना, तू काय स्वतःला लावून घेतोस." तिला मी खिडकीचं सांगितलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर काकूंनी बोलावून घेतलं. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, ही डबी आणि रजिस्टर तुला द्यायचं," म्हणाल्या. मी शिलाई मशीनपाशी बसून रजिस्टर उघडलं. जुने आकडे निळ्या शाईत होते, त्यांच्या टोकदार अक्षरात. खाली आठ वेळा 'निरंक'. मी त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला काळसर काहीतरी लागलं.

आठही 'निरंक' पेन्सिलीत होते. आणि त्यांच्यापुढे आठ वेळा माझी सही, पेननं, ठसठशीत.

मागून दोन हातांवर उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. पेन्सिलीत लिहिलं होतं, आणि गाढव सही करत गेलं होतं.

मी पानं उलटत शेवटापर्यंत गेलो. शेवटच्या पानावर, उलट बाजूनं सुरू केलेला, आणखी एक तक्ता होता. निळ्या शाईत. काकू रविवारी सकाळी देवळात जात, त्या वेळी घेतलेला. घेणाऱ्याची सही आठ वेळा. तपासणाऱ्याचा रकाना कोरा. पुढे शेरे.

एकशेएक्केचाळीस. सकाळी सात वाजता. अकरा वाजता त्यानं खिडकी कमी केली. हिला हायसं वाटलं.

एकशेबावीस. गोळ्या सुरू केल्या. हिच्या समाधानासाठी.

एकशेतीन. खुर्चीत बसू लागलो.

चौऱ्याऐंशी. आज दिसलं असतं. खिडकी मी आणखी कमी करून ठेवली. आयुष्यात दुसऱ्यांदा.

पासष्ट. सेहेचाळीस. त्यांच्यापुढे शेरा नव्हता.

सत्तावीस. भीती वाटत नाही. का ते विचारायचं नाही.

आठ. पुढचं रीडिंग त्यानं घ्यावं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "काय लिहिलंय रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आकडे आहेत काकू." मला रडू आलं ते त्यांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी पुढे विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "घेणार आहेस का माप? मग मी फ्रीज बंद करते."

लांब वायर कुठे ठेवली होती ते त्यांना आठवेना. छोट्या वायरीवर भागवायचं म्हणजे मला माइकजवळच बसावं लागणार होतं. मी पट्ट्यांवर खुर्ची सारखी केली, तिच्यात माइक उभा केला, आणि पाठीशी रिकामा हॉल ठेवून स्टुलावर बसलो. टेप लावून पाहिलं: माइकपासून माझी छाती चाळीस सेंटिमीटरवर. म्हणजे माझा स्वतःचा उंचवटा चाळीसवर यायला हवा. खिडकीच्या चौकटीत सरांनी शेवटी ठेवलेला आकडा होता, अगदी लहान. तो काढून मी जुना, पुरा आकडा घातला.

सूर जमिनीतून वर आला. शोकेसमधल्या पेल्यांना आधी कळलं. चढला, बारीक झाला, गेला. शेजारचा कुत्रा एकदा भुंकला आणि गप्प बसला.

आठवर काही नव्हतं. खुर्चीपाशी आता काहीच नव्हतं. चाळीसवर मी होतो. त्यानंतर सपाट, आणि मग एकशेतीसवर आणखी एक, माझ्याएवढाच.

एकशेतीसातून चाळीस गेले, नव्वद. नव्वद सेंटिमीटर म्हणजे दोन हात.

माइकला दिशा कळत नाही. मला कळली, कारण की-बोर्डवरची माझी बोटं गार पडली होती.

मी वळलो नाही. नियमाप्रमाणे तीन वेळा माप घेतलं, तिन्ही वेळा तेच आलं. मग पेन काढलं. आधी त्या आठ सह्यांवर एकेक आडवी रेघ मारली, खालचं नाव वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं: खिडकी मी बदलली होती. विचारल्यावर नाही म्हणालो. खाली सही केली. अक्षर नीट काढलं, कारण त्यांना गिचमिड चालायची नाही. मग नवी ओळ आखली. एकशेतीस. घेणाऱ्याच्या रकान्यात सही केली.

"झालं का रे?" काकूंनी आतून विचारलं. "लावू का फ्रीज?"

"थोडं थांबा काकू," मी पुढे बघत म्हणालो, आणि रजिस्टर उघडंच ठेवून त्यावर पेन आडवं ठेवलं. "तपासणाऱ्याची सही व्हायचीय."